आपल्या पालिकेएवढा देश

(१९९६च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू आयटीवाली, एआयवर बोल, पंधरा मिनिटं." मी म्हटलं, एआयवर बोलणारे इथे प्रत्येक रांगेत दोन सापडतील, आणि उरलेल्यांना ते रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतंच. मी भूगोलावर बोलते. हे ऐकून पहिल्या रांगेतल्या आपल्या भूगोलाच्या बाई आत्ता हसल्या, त्याला कारण आहे. आठवीच्या सहामाहीत हिंदी महासागराच्या नकाशात मी मॉरिशस लक्षद्वीपच्या शेजारी दाखवला होता. बाईंनी त्याभोवती लाल गोल केला आणि खाली लिहिलं, "इतक्या जवळ असता तर बरं झालं असतं." अर्धा मार्क गेला.

बाई, तो मॉरिशस मला नंतर सापडला. २०१८च्या ऑगस्टमध्ये कंपनीने मला तिथल्या एका बँकेच्या कामावर पाठवलं आणि मी आठ महिने तिथे राहिले. मादागास्करच्या पूर्वेला, समुद्रात साधारण आठशे किलोमीटर आत.

आधी एक आकडा सांगते, म्हणजे पुढचं सगळं डोळ्यांसमोर राहील. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या होती सुमारे १२ लाख ४७ हजार. मॉरिशसचीही जनगणना त्याच वर्षी झाली. तिथे भरली सुमारे १२ लाख ३७ हजार. म्हणजे आपल्या पालिकेत जेवढी माणसं, तेवढ्यांचा तो अख्खा देश. राष्ट्रपती, पंतप्रधान, सुप्रीम कोर्ट, स्वतःचा रुपया, स्वतःची विमान कंपनी. सैन्य मात्र नाही, पोलिसांवरच भागतं. क्षेत्रफळ आजच्या ठाणे जिल्ह्याच्या निम्मं. इतक्याशा जागेत आणि इतक्या माणसांत देश चालवायचा म्हणजे काय, हे मी तिथे आठ महिने पाहत होते. डोंबिवलीकराला यात रस वाटणारच.

बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. भोवती प्रवाळाची कडी, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी शांत आणि लाटा दूर कुठेतरी फुटताना दिसतात. सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या आसपास. मधल्या पठारावर गावं एकाला एक लागून: बो बासँ, रोझ हिल, क्वात्र बोर्न, वाक्वा, क्युरपीप. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली म्हणतो ना आपण, तशी. मी क्वात्र बोर्नला राहायचे आणि कामाला एबेनला जायचे. एबेनची सायबर सिटी भारताच्या मदतीने उभी राहिलेली आहे. घरापासून अंतर किरकोळ, पण रोज ट्रॅफिकमध्ये अडकायचे, कारण रस्ते मेट्रोसाठी खणलेले.

त्या मेट्रोची गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या ठाण्याला गाडी आली १८५३ला, कल्याणला १८५४ला. मॉरिशसची रेल्वे सुरू झाली १८६४ला. म्हणजे तेही फार मागे नव्हते. पण मोटारी आल्या, तोटा वाढला आणि त्यांनी १९५६ साली प्रवासी गाड्या बंद केल्या, १९६४ला मालगाड्याही. रूळ उखडले! ७:५३ची लोकल दोन मिनिटं उशिरा आली की स्टेशन मास्तरला घेराव घालणाऱ्या गावातली मी, मला हे ऐकून क्षणभर काही सुचेना. मग पन्नास-साठ वर्षं गाड्यांच्या रांगांत बसून त्यांना कळलं, आणि भारताच्या मदतीने, आपल्याच लार्सन अँड टुब्रोकडून, मेट्रो बांधून घेतली. जानेवारी २०२०मध्ये ती प्रवाशांना खुली झाली, तोवर मी परत आले होते. जुन्या रेल्वेच्या वाटेचा बराच भाग नव्या मेट्रोला उपयोगी पडला, एवढं समाधान.

आता माणसं. या बेटावर मूळचे म्हणावेत असे कोणी नाहीतच. १५९८ला डच आले तेव्हा तिथे होते कासवं आणि डोडो. डोडो त्या शतकात संपला, डचांनी १७१०ला बेट सोडलं. १७१५ला फ्रेंच आले, त्यांनी ऊस वाढवला आणि मादागास्कर, मोझांबिककडून गुलाम आणले. १८१०ला इंग्रजांनी ते जिंकून घेतलं. १८३५ला गुलामगिरी बंद झाली, पण उसाला माणसं लागतातच. म्हणून करारावर मजूर आणायचे ठरले, आणि ते आणले आपल्याकडून. नोव्हेंबर १८३४ला कलकत्त्याहून छत्तीस जण आले. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांवर. पोर्ट लुईच्या बंदरावर जिथे त्यांना उतरवत, त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, २००६पासून ती जागतिक वारसा आहे. सोळा दगडी पायऱ्या आहेत. मी त्या मोजल्या, कारण त्या चढून आलेल्यांमध्ये आपलेही होते.

बहुतेक मजूर कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. तिसरं बंदर मुंबई, आणि तिथून गेलेले बरेचसे रत्नागिरी जिल्ह्यातले. तेव्हाचा रत्नागिरी म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात आला. तिथे लोकांना बंदरावरून ओळखायची पद्धत पडली. तमिळ माणूस तो 'मद्रास', मराठी माणूस तो 'बोंबाय'. आज मराठी म्हणवणारे तिथे फार नाहीत, सांगतात ते अंदाज वीस हजारांच्या आसपास. पण गणेश चतुर्थीची देशभर सार्वजनिक सुट्टी असते! हेन्रिएटा गावचा गणपती १८९६पासूनचा मानला जातो. आपल्या कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचतात. बोलतात मात्र सगळे क्रेओल. कार्यालयात इंग्रजी, वर्तमानपत्रं फ्रेंच, भांडण क्रेओलमध्ये. संसदेची भाषा इंग्रजी, पण सभासद फ्रेंचमध्येही बोलू शकतो.

माझ्या टीममध्ये एक मुलगी होती, तिशीतली. आडनावाच्या शेवटी 'जी'. पहिल्याच दिवशी ती मला इंग्रजीत म्हणाली, "आम्ही मराठी आहोत." मी आनंदाने मराठीत सुरू झाले, आणि ती हसत राहिली. तिला प्राथमिक शाळेतलं मराठी येत होतं. अक्षरं वाचता यायची, आरत्या तोंडपाठ, पण गप्पा मारण्याएवढं नाही. गणपतीत तिने घरी बोलावलं. आरतीची तिसरी-चौथी कडवी आली तशी मी ओठ हलवायला लागले, तुम्ही सगळे करता तेच, आणि ती डोळे मिटून खणखणीत म्हणत होती. तिची आजी तेव्हा पंच्याऐंशीची. तिने माझ्या ताटात भात वाढताना म्हटलं, "वाईच घे." बस, तेवढा एक शब्द. माझी रत्नागिरीकडची आजी जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आता मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. ती माझ्या कामातली आहे, पण तीही भूगोलच आहे.

बँकेचं काम असं होतं: जुन्या यंत्रणेतली खाती नव्या यंत्रणेत न्यायची, आणि नेताना एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी असतील तर त्या एक करायच्या. नव्या खात्यांना तिथला राष्ट्रीय ओळख क्रमांक होता, त्यामुळे ती सोपी होती. अगदी जुन्या खात्यांना तो जोडलेला नव्हता. त्यांच्यासाठी मी नियम लिहिला. नाव तेच, जन्माचं साल तेच, गाव तेच आणि आडनावाचा उच्चार तोच असेल तर माणूस एकच समजा, स्पेलिंगकडे बघू नका. कारण स्पेलिंगं बघून मला वेड लागायची पाळी आली होती. एकाच 'जी'ला कुठे दोन 'ई', कुठे एक 'आय', कुठे शेवटी 'वाय'. लक्ष्मणचं लछमन, गोविंदचं गोबिन. मी याला डेटामधली घाण म्हणायचे. शब्द हाच वापरायचे, मीटिंगमध्येसुद्धा.

चाचणी घेतली, आणि दोन वृद्ध बायका एक झाल्या. एकीचं दरमहा जमा होणारं पेन्शन दुसरीच्या खात्यावर दिसायला लागलं. तिथे तेव्हा साठीनंतर प्रत्येकाला सरकारी पेन्शन मिळायचं, नोकरी केलेली असो वा नसो, आणि कित्येक म्हाताऱ्यांचं घर त्यावर चालायचं. नशिबाने ती चाचणी होती, खरे पैसे हलले नव्हते. माझ्या त्या सहकारीने यादी बघितली आणि बोट ठेवून म्हणाली, "ही दोन स्पेलिंगं म्हणजे दोन वेगळी घराणी. दोन वेगळी जहाजं."

मला समजेना. मग तिने एका शनिवारी मोकाला नेलं. तिथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. मराठीचा विभाग आहे त्यांच्याकडे, आणि करारी मजुरांची जुनी रजिस्टरंही तिथेच जपून ठेवली आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक. पुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज, गाव, जिल्हा. नंतरच्या काळातल्या काहींचे फोटोही. माझ्यासारखीने बघितल्यावर पहिला विचार काय यावा? की टेबल चांगलं डिझाइन केलंय. क्रमांक ही पक्की किल्ली, बाकी सगळं ऐकीव. मजूर आपलं नाव सांगायचा, कारकून त्याच्या कानाला लागेल तसं रोमन अक्षरांत लिहायचा. आडनाव लिहायची रीत नव्हती. म्हणून त्या माणसाचं पाळण्यातलं नाव, कारकुनाच्या स्पेलिंगसकट, पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. एकाच नावाचे दोन कोकणी तरुण दोन जहाजांनी आले, दोन कारकुनांनी दोन तऱ्हांनी लिहिले, आणि आज ती दोन घराणी आहेत. मी जी घाण म्हणून पुसत होते तीच खरी माहिती होती. आपल्या वर्गात तीन संदीप होते. उद्या कोणी त्यांना एकच समजून एकाचा पगार दुसऱ्याला दिला तर? हो, मागून आवाज आला तो कुठल्या संदीपचा, मला कळलं.

नियम मी बदलला. काम तीन आठवडे लांबलं. त्यावरून मला जे ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही.

आता थोडं सरकारबद्दल, कारण मागच्या बाकांवर निदान चार जण राजकारणात आहेत. १२ मार्च १९६८ला ते स्वतंत्र झाले. तारीख दांडीयात्रेची, मुद्दाम निवडलेली. गांधीजी स्वतः १९०१ला आफ्रिकेतून परत येताना तिथे थांबले होते. पण स्वातंत्र्य एकमताने आलेलं नाही. १९६७ची निवडणूक त्याच प्रश्नावर झाली आणि सुमारे ४४ टक्के मतं विरोधात गेली. त्यांना भीती होती की हिंदू बहुमत आपल्याला गिळेल. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुईत दंगली झाल्या आणि इंग्रज फौज आणावी लागली. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान. १९९२ला प्रजासत्ताक झालं, तरी शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं.

संसदेत निवडून येतात ६२. शिवाय आठांपर्यंत जागा अशा, की हरलेल्यांतले चांगली मतं मिळवणारे त्यांतून आत घेतात, म्हणजे ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याचा तोल साधला जावा. त्यासाठी उमेदवाराने सांगायचं, मी हिंदू, मुस्लिम, चिनी की 'सर्वसाधारण'. मराठी, तमिळ, तेलुगू यांचा वेगळा कप्पा नाही, ते हिंदूंमध्ये. आणि गंमत अशी की हा तोल साधतात १९७२च्या जनगणनेवरून, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद केलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर आजचा हिशेब! सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला कोणी असं करू दिलं नसतं. मला ही पद्धत पटत नाही. पण माझी सहकारी म्हणाली, "नसती तर १९६८नंतर आम्ही एकत्र राहिलो असतो का, सांगता येत नाही." तिथे मी गप्प बसले. एक मात्र मान्य करायला हवं. त्यांच्याकडे लोकसभा वेळेवर निवडून येते. २०२४ला मतदारांनी ६२पैकी ६० जागा विरोधी आघाडीला देऊन सरकार पालटलं. तेवढ्याच लोकसंख्येच्या आपल्या पालिकेत २०२०ला मुदत संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासक होता. टाळ्या नकोत, मी कोणाचा प्रचार करत नाही.

पैशाचं थोडक्यात. १९६१ला जेम्स मीड नावाच्या अर्थतज्ज्ञाने अहवाल दिला. त्याला पुढे नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं होतं, माणसं वाढतायत, ऊस सोडून काही नाही, या बेटाचं भवितव्य कठीण. आणि तो चुकला. मला हे वाचून बरं वाटलं, नोबेलवाल्याचंही मॉडेल फसतं. १९७०ला त्यांनी निर्यातीसाठी कारखान्यांना सवलती दिल्या. शर्ट, स्वेटर शिवायचे कारखाने आले आणि त्यांत मुख्यतः बायका कामाला लागल्या. माझ्या सहकारीची आईसुद्धा. १९७५पासून युरोपने त्यांची साखर ठरल्या, चढ्या भावाने घेतली. ते २००९ला संपलं. तोवर पर्यटन आणि बँकिंग उभं राहिलं होतं. आपल्याकडे शेअर बाजाराच्या बातम्यांत "मॉरिशसमार्गे गुंतवणूक" ऐकायचो ना, ती दोन देशांतल्या करारामुळे. तिकडून आलं की इथल्या नफ्यावर कर नाही. २०१६ला ती वाट आपण आवळली. १९७७पासून माध्यमिक शिक्षण फुकट, दवाखाना फुकट. २०२०च्या जुलैत जागतिक बँकेने त्यांना श्रीमंत देशांच्या यादीत घातलं आणि कोविडने पर्यटन बसल्यावर पुढच्याच वर्षी काढलं. पेन्शनचं ओझंही आता जाणवतंय. २०२५च्या अर्थसंकल्पात वय साठवरून हळूहळू पासष्ट करायचं ठरलं, आणि लोक रस्त्यावर उतरले.

आणि बेट म्हणजे काय ते मला कांद्यावरून कळलं. ताटातलं बहुतेक सगळं बाहेरून येतं. २०२३च्या डिसेंबरात आपण कांद्याची निर्यात थांबवली. आपल्याला त्यात लासलगावचा भाव दिसला. तिच्याकडून मला मेसेज आला, "तुमचं सरकार आमच्यावर रागावलंय का?" नंतर काही देशांना मोजून परवानगी मिळाली, मॉरिशसला १,२०० टन. आपल्या कल्याणच्या एपीएमसीत असा आकडा ऐकून कोणी मान वर करणार नाही. तिथे ती बातमी होती.

वादळांचंही तसंच. १९६०च्या 'कॅरल' चक्रीवादळाने इतकी घरं पाडली की त्यानंतर देशाने सिमेंटची, सपाट छपराची घरं बांधायला घेतली. म्हणून तिथली गावं पोस्टरसारखी दिसत नाहीत, आपल्या मानपाडा रोडसारखी दिसतात. २०२०च्या जुलैत 'वाकाशिओ' हे जहाज प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. लोकांनी वाट पाहिली नाही. उसाची वाळलेली पाती कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि पाण्यावर सोडल्या. तिने फोटो पाठवला होता, गुडघाभर काळ्या पाण्यात उभी.

शेवटचं सांगते आणि बसते. २०२३च्या फेब्रुवारीत ती आईला घेऊन डोंबिवलीला माझ्याकडे आली. हातात मोकाच्या रजिस्टरातल्या नोंदीची प्रत. खापरपणजोबा, वय बावीस, जिल्हा रत्नागिरी असा काही स्पेलिंगमध्ये लिहिलेला की मला आधी तो जिल्हा वाटेचना. गावाचं नाव पाच-सहा रोमन अक्षरं. तसा उच्चार होईल अशी गावं जिल्ह्यात निदान तीन. आम्ही मांडवी एक्सप्रेसने गेलो. दोन गावं केली. दोन्हीकडे लोकांनी सांगितलं, "हे आमचंच माणूस," दोन्हीकडे जेवायला घातलं, दोन्हीकडे देवळात नारळ दिला. पुरावा कुठेच नाही. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "अहो, सातबाऱ्यावर नाव असतं तर तो गेला असता कशाला?"

तिसऱ्या गावाला जायला वेळ उरला नाही. परतीच्या गाडीत माझ्या मुलाने ती प्रत हातात घेतली. तो इंग्रजी माध्यमातला, मराठी पाटी वाचताना अडखळतो. तिने त्याला चिपळूण स्टेशनवरची पाटी वाचून दाखवली. बोट ठेवून, अक्षर अक्षर, प्राथमिक शाळेत शिकवतात तशी. तिच्या भाचीच्या शाळेत आता मराठी घेणारी पाचच मुलं आहेत म्हणाली. २०१२पासून तिथे क्रेओल हाही विषय निवडता येतो, आणि घरात तीच भाषा बोलतात, त्यामुळे पालक तो घेतात. आपल्या शाळेत पहिलीच्या मराठीच्या किती तुकड्या उरल्यात, ते बाई मला आत जाताना सांगत होत्याच.

ते तिसरं गाव संगमेश्वर तालुक्यात आहे. नाव इथे जाहीर सांगत नाही, तिने तसं सांगितलंय. पण आपल्यापैकी कोणाचं मूळ त्या बाजूला असेल, कोणाचे नातेवाईक तिथे तलाठी किंवा गुरव असतील, किंवा देवळातल्या मानकऱ्यांच्या जुन्या वह्या कोणाकडे असतील, तर नोंदीची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत मी चहाच्या टेबलाजवळ थांबते. ती मे महिन्यात पुन्हा येते आहे.